भट्टीचा रविवार

दुसरी भट्टीही कच्ची निघाली.

थोरल्याने पहारीने भट्टीचं तोंड फोडलं, खोऱ्याने दगड ओढून बाहेर काढले आणि एक घमेलं भरून आईपुढे आणून ठेवलं. चुना पिकला की नाही हे बघायचा मान घरात म्हातारीचा होता, नवरा जिवंत होता तेव्हापासूनचा. तिने वरून पाणी ओतलं. नीट भाजलेला दगड पाणी लागताच तडकतो, वाफा सोडत फुगतो आणि बघता बघता त्याचं पांढरंशुभ्र पीठ होतं. घमेल्यातल्या दोन-चार दगडांनी इमानाने तसं केलं. बाकीचे नुसते ओले होऊन बसून राहिले.

"अजून ओत," थोरला म्हणाला.

"अख्खी विहीर ओतली तरी ते फुटायचे नाहीत. भट्टीचं पोट कच्चं राहिलंय."

मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. चुना त्याच्यासाठीच चालला होता. त्याच्या भिंती उभ्या राहून गिलाव्याची वाट बघत होत्या. त्याने घमेल्यातला एक दगड उचलला, बोटांनी फिरवून पाहिला आणि थोरल्याच्या नाकासमोर धरला.

"हा मी भिंतीला लावू, की तुझ्या डोक्यात घालू?"

त्याच्याबरोबरची माणसं हसली. वाईट हे की थोरलाही हसला. माणूस मोठ्या अंगाचा, घण उचलला की दगडाने आपणहून फुटावं असा, पण त्या दिवशी त्याने मान खाली घालून हसून घेतलं. म्हातारीला ते बघवेना.

"पाऊस तोंडावर आलाय," मुकादम म्हणाला. "पुढची भट्टी नीट निघाली तर बोलू. नाहीतर टेकडीपलीकडे चुना भाजणारी माणसं काही मेलेली नाहीत."

तो गेला. नेमकी त्याच वेळी धाकटी सून पाण्याची घागर घेऊन आली आणि त्या ओल्या, निर्लज्ज दगडांकडे बघत उभी राहिली.

म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं. "भट्टीला काय बघतेस?" ती कडाडली. "भट्टीत काही शिरलेलं नाही. शिरलंय ते घरात!"

असं म्हणून तिने धाकटीकडे असं पाहिलं, की आजूबाजूच्या कुणालाही अर्थ विचारायची गरज पडली नाही. थोरल्याने मान वर केली. ते शब्द त्याने उचलून घेतले एवढं नक्की.

आता म्हातारी दुष्ट होती का? मुळीच नाही. शेजारची बाळंतपणं तिने निभावली होती, प्रार्थनाघर झाडायला तिच्याआधी कधी कुणी पोहोचलं नव्हतं. पण धाकट्या सुनेच्या बाबतीत तिचं काळीज कुलूपबंद होतं. धाकटा मुलगा खाणीत दगडाखाली गेला, त्याच्या आदल्या रात्री या सुनेला झटका आला होता. तिला लहानपणापासून झटके यायचे. रात्रभर तो तिच्या उशाशी बसला, सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी खाणीत उतरला, आणि वरून दगड सुटला तेव्हा त्याला बाजूला होणं जमलं नाही. नीट झोपलेल्या माणसालाही जमलं नसतं, असं खाणीतले सगळे सांगत. म्हातारी ऐकून घेई. पण ताट वाढताना धाकटीचं ताट ती जरा आपटूनच ठेवी.

*

तिसऱ्या भट्टीची तयारी सुरू झाली. थोरला आणि गडी खाणीतून दगड आणत. थोरली सून आणि धाकटी उन्हात बसून हातोड्याने ते मुठीएवढे करत. पाट्या डोक्यावर घेऊन, चढणीच्या वाटेने भट्टीच्या माथ्यावर जायचं, एक थर दगडाचा, एक थर कोळशाचा घालायचा. चुन्याची धूळ केसांत, पापण्यांत, दातांत. घाम आला की तीच धूळ चावायला लागे. बोटांच्या पेरांना चिरा पडत, रात्री त्यांत तेल भरावं लागे. आकाशात रोज दुपारी ढग जमत आणि संध्याकाळी पांगत. भाजून निघालेल्या कळीच्या चुन्यावर अवचित पाऊस पडला तर सगळी मेहनत जागच्या जागी चिखल.

थोरला पहाटे उठून गुडघे टेकत होता. बाप गेल्यावर प्रार्थनाघरातल्या मंडळीने त्याला बापाच्या जागी वडील, म्हणजे मंडळीचा पुढारी, नेमलं होतं. चर्चचे पाळक दूर राहत, कधीमधी येत, म्हणून एरवीची प्रार्थना थोरल्याने चालवायची. हे काम त्याने फारच मनावर घेतलं. आधी रविवारी शीळ घालणं सोडलं, मग दाढी करणं सोडलं. म्हातारीला त्याचा अभिमान वाटायचा. बाकड्यांवरून माणसं त्याच्याकडे बघत तेव्हा तिची पाठ आपोआप सरळ व्हायची.

त्याच सुमारास उपदेशक आले. गावोगाव फिरून प्रार्थनेने भुतं काढत, असा त्यांचा लौकिक होता. पायांत पांढरे बूट. चुना भाजणाऱ्यांकडे पांढरे बूट घालून येणारा माणूस हुशारच म्हणायचा, कारण कितीही चुना पडला तरी ते घाण दिसत नाहीत. पण माणूस खोटा नव्हता. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, आणि प्रार्थना करताना स्वतःच रडे. थोरल्याने त्यांना घरी उतरवून घेतलं आणि दोन्ही भट्ट्यांची हकिगत सांगितली.

"घरात कुणाला काही त्रास?" उपदेशकांनी विचारलं.

थोरल्याने आईकडे पाहिलं. म्हातारी मूग गिळून बसली. आणि उत्तर द्यायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन चढताना धाकटी वाटेवरच कोसळली. पाटीतले दगड गडगडत खाली आले. तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली, टाचा दगडांवर आपटू लागल्या. थोरली धावली आणि तिने तिला कुशीवर वळवलं. उपदेशक वर उभं राहून हे सगळं बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनाही भीती वाटली असावी, पण भीती वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

"दिसलं ना आता?" ते म्हणाले. "तुमच्या घराला कुणी धरून ठेवलंय ते दिसलं ना?"

ठरलं ते असं. रविवारी सगळ्या मंडळीसमोर प्रार्थनेने सैतानाला बाहेर काढायचं. शुक्रवार सकाळपासून तोवर धाकटीने अन्न नाही, पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. दवाखान्यातून आणलेल्या तिच्या झटक्याच्या गोळ्याही बंद, कारण त्या विश्वासाच्या आड येतात.

"पाणीसुद्धा नाही?" थोरलीने विचारलं. "या उन्हाळ्यात?"

"त्याला कोरडं ठेवलं तरच तो निघतो, बाई."

सगळ्यांना वाटलं धाकटी रडेल, पाया पडेल. तिने हातातली गोळ्यांची पुडी थोरल्यापुढे धरली. "माझ्यात असेल तर काढा, दादा," ती म्हणाली. "मलाही तो नकोय." थोरल्याने पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली. म्हातारीला वाटलं होतं, आपल्याला आता बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

*

शुक्रवारी सकाळी भट्टी पेटवली आणि धाकटीला अवजारांच्या खोलीत ठेवलं. पत्र्याचं छप्पर, हातभर खिडकी, आत पहारी, मोडकी घमेली आणि गोण्यांची चळत. थोरल्याने बाहेरून कुलूप लावलं, किल्ली पुडीच्याच खिशात ठेवली आणि तिथेच गुडघे टेकून प्रार्थना केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण चांगलं करतोय अशी त्याची खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाला अडवणं फार कठीण.

म्हातारी दारालगतच्या सावलीत गोण्या शिवायला बसली. दुपारपर्यंत पत्रा तापून तडतडायला लागला. आतून काही काळ गुणगुणणं ऐकू आलं. धाकटी प्रार्थनाघरातलं गाणं म्हणत होती, आवाज फुटका. मग तेही थांबलं.

"बाहेर कोण आहे?" बऱ्याच वेळाने आतून आलं.

म्हातारीने दाभण गोणीत खुपसलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आई, तुम्ही आहात का? तुमच्या खोकल्यावरून वाटलं."

बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. म्हातारीने खोकलाही गिळला. आपण नियम पाळतोय, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर तिला बोलायचंच नव्हतं, आणि हा नियम तिला आयताच मिळाला होता. पायाजवळ पाण्याचा तांब्या होता. तिने तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.

शनिवारी दुपारी शेळी दावं तोडून भट्टीमागे गेली. त्या बाजूला उतार होता, काटेरी झुडपं होती. गुडघे धरल्यापासून आणि नवरा गेल्यापासून म्हातारी तिकडे फिरकली नव्हती. पण शेळी आली नाही आणि थोरलीचे हात चिखलात होते, म्हणून म्हातारीच काठी टेकत गेली. उतारावर तोल गेला तेव्हा तिने भट्टीच्या भिंतीला हात लावला, आणि तो तिथेच राहिला.

भिंतीवर हात ठेवता येत होता. पेटलेली भट्टी आणि भिंतीवर हात ठेवता येतोय! तिने खाली पाहिलं. प्रत्येक भट्टीला खालून हवेची भोकं असतात. त्यांतून वारा आत गेला की कोळसा जळतो. शनिवारी ती चिखलाने लिंपायची त्या घराची रीत होती, म्हणजे रविवारी कुणाला राबावं लागू नये. नवऱ्याने आयुष्यभर तेच केलं. पण तो मागचं एक भोक कधीच लिंपत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिने कारण विचारलं होतं. तो म्हणाला होता, "रविवार झाला म्हणून दावणीच्या बैलाला पाणी दाखवायचं नाही का? आगीलाही श्वास लागतो." आणि इतकं बोलून तो खाणीकडे निघून गेला होता, कारण त्याला कारणं सांगत बसायची सवय नव्हती. पोरांनाही त्याने ती कधी सांगितली नसावी.

मागचं भोक सकाळीच लिंपून टाकलेलं होतं. चिखल अजून ओलसर होता आणि त्यावर थोरल्याची बोटं उमटली होती. अगदी नीट, मन लावून लिंपलेलं, देवाच्या कामात कुठे फट राहू नये अशा हाताने.

म्हातारीच्या लक्षात सगळं आलं. रविवारभर आग गुदमरते. पोटातला कोळसा विझतो. सोमवारी भोकं फोडली तरी कडेचाच पेटतो, मधले दगड कच्चेच राहतात. थोरला वडील झाल्यापासूनची ही तिसरी भट्टी. तिने शेळीला हाकही मारली नाही.

*

थोरला पुढच्या बाजूला हात धूत होता.

"मागचं भोक कुणी लिंपलं?"

"मी. का?"

"तुझा बाप ते उघडं ठेवायचा."

थोरल्याने नखांतला चिखल खरवडला. "बाबांना जमत नव्हतं म्हणून ठेवायचे. विसाव्याचा दिवस म्हणजे विसाव्याचा दिवस, आई. आपण गुडघे टेकायचे आणि आपली आग मागे राबत राहायची, हे कसलं पाळणं?"

"म्हणून पोट कच्चं राहतंय. भिंतीला हात लावून बघ, मेलेल्या माणसासारखी गार पडत चाललीय. त्या पोरीचा काही संबंध नाही. दार उघड."

त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला पटलंय. कारागिराचा मुलगा तो. एकदा सांगितल्यावर न कळायला तो काही मूर्ख नव्हता. पण मग त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"मी सगळ्या मंडळीला सांगून बसलोय," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्या लांबून माणसं येणार आहेत. आता काय सांगू त्यांना? की सैतान वगैरे काही नाही, तुमच्या वडिलाला भट्टी लावता येत नाही?"

"हो. तेच सांग."

"आणि सुरुवात कुणी केली? घरात शिरलंय असं कोण म्हणालं होतं?"

थोरला हात झटकत निघून गेला.

संध्याकाळी ती खाटेशी गुडघे टेकून बसली. शब्द येईनात. सैतान शिंगं-शेपटी घेऊन येत असता तर म्हातारीने त्याला कधीच काठीने पिटाळलं असतं. पण तो ओरडत नाही, तो समजूत काढतो. तू सांगितलंस ना, मग तुझं काम झालं. मुलाची अब्रू चव्हाट्यावर मांडणारी आई कुठे पाहिलीस? एक मुलगा गेला, दुसऱ्यालाही घालवतेस? उद्या प्रार्थना होईल, पोरगी घरी येईल, पाणी पिईल, सगळं विसरेल. एका दिवसाने कुणी मरत नाही. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी मायेने: तिच्यापायी तुझा धाकटा गेला. तिने थोडं सोसलं तर काय बिघडलं?

इथे म्हातारी दचकली. कारण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. धाकटा गेल्यापासून ती रोज हेच ऐकत आली होती आणि त्याला स्वतःचं दुःख समजत आली होती. ती उठली, तांब्या घेतला आणि अवजारांच्या खोलीकडे गेली. दाराबाहेर उपदेशकांनी आपला माणूस बसवला होता. "आजी, उद्या," तो म्हणाला आणि त्याने हळूच तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. तिने हाका मारल्या. आतून ओ आली नाही.

"झोपली असेल," तो माणूस म्हणाला.

म्हातारी त्या रात्री देवाशी बोलली. मागणं एकच होतं: उद्या माझे पाय लटपटले तरी चालतील, जीभ लटपटू देऊ नकोस.

*

प्रार्थनाघर भरून गेलं होतं. लांबून आलेली माणसं भिंतीशी उभी होती, आणि गाणी नेहमीपेक्षा मोठ्याने चालली होती. थोरला पुढे उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. खिशात किल्ली आणि गोळ्यांची पुडी असल्यामुळे सदऱ्याची एक बाजू खाली ओढली गेली होती. त्याचे डोळे आईला चुकवत होते.

उपदेशकांनी हात उंचावला. "आता तिला आणायचं," ते म्हणाले. "घाबरू नका. तो ओरडेल, शिव्या देईल, गयावया करेल. कुणाचं ऐकायचं नाही."

म्हातारी उभी राहिली.

"आई, खाली बस," थोरला पुटपुटला.

"बसते. बोलून झालं की बसते." तिचे गुडघे खरंच लटपटत होते, म्हणून तिने पुढच्या बाकड्याची पाठ धरली. "भट्टी कच्ची निघते ती आमच्या धाकटीमुळे नाही. शनिवारी आम्ही मागचं भोक लिंपतो म्हणून. माझा नवरा ते उघडं ठेवायचा. माझ्या मुलाला ते ठाऊक नव्हतं, त्याने देवाच्या भीतीने बंद केलं. आता त्याला ठाऊक आहे. आणि पोरीत काही शिरलंय हे आधी मी बोलले. रागाने बोलले. ते खोटं होतं."

थोरल्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. आपल्या हाताने आपण लेकाला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, हे म्हातारीला दिसत होतं, आणि काळीज पिळवटत होतं. तरी तिने हात पुढे केला.

"किल्ली दे."

थोरला हलला नाही.

"बघा!" उपदेशकांचा आवाज चढला. "बघा, तो कसा जागा बदलतो! आता या म्हातारीच्या तोंडून बोलतोय!"

माणसं तिच्यापासून मागे सरकली. ज्या बायकांची बाळंतपणं तिने केली होती त्याही सरकल्या. एकीने तर पोराचे डोळे झाकले.

"बोलत असेल," ती म्हणाली. "पण बुवा, तहानलेल्या पोरीला पाणी पाजा म्हणणारा सैतान मी तरी अजून ऐकला नाही. तुम्ही एवढी भुतं काढलीत, जरा नीट ओळख पटवून घ्या."

मग तिने डोळे मिटले आणि छातीवर मूठ ठेवून इतक्या मोठ्याने बोलली की शेवटच्या शब्दाला आवाजच फाटला. "येशूच्या नावाने सांगते, नीघ! फार दिवस राहिलास. आता नीघ!"

ती कुणाला बोलतेय हे कुणालाच कळलं नाही. उपदेशकांचा उंचावलेला हात खाली आला. म्हातारीने डोळे उघडले, काठी उचलली आणि बाकड्यांच्या मधून चालू लागली. थोरली आपल्या जागेवरून उठून तिच्या मागोमाग निघाली.

रस्ता चढाचा होता. म्हातारी घरी पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती. दाराशी बसवलेला माणूस त्यांच्याकडे बघून नुसता बाजूला झाला. म्हातारीने भट्टीशेजारची पहार उचलली. उचलली म्हणजे ओढत आणली. तिच्याच्याने ती कुठली पेलणार! टोक कोयंड्यात घालून तिने अंगाचा भार टाकला. कोयंडा कुरकुरला, पण सुटला नाही. पुन्हा भार टाकला. पहार सटकली आणि तिच्या हाताचं सालटं निघालं.

मागून एक मोठा हात आला आणि त्याने पहार धरली.

"सोड," थोरला म्हणाला. तो पळत आला होता.

"नाही सोडणार."

"आई, सोड म्हणतो ना! तुझ्याने नाही व्हायचं ते."

त्याने पहार तिच्या हातातून काढून घेतली. म्हातारी दाराला पाठ लावून उभी राहिली. मग त्याने तिला खांद्याला धरून बाजूला केलं, टोक कोयंड्यात रुतवलं आणि एका हिसक्यात कोयंडा चौकटीसकट उपटला.

"अहो, किल्ली तुमच्या खिशात आहे," थोरली म्हणाली.

थोरल्याने खिशाला हात लावला आणि दगडासारखा उभा राहिला.

*

धाकटी गोण्यांवर आडवी पडली होती. तिला झटका येऊन गेला होता, कधी ते देवाला ठाऊक. जीभ चावली गेली होती, हनुवटीवर रक्त वाळलं होतं, एका मोडक्या घमेल्याची कड लागून कपाळ फुटलं होतं. म्हातारीने तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास गरम होता.

"आहे," ती म्हणाली. "आहे गं बाई, आहे."

थोरलीने पाणी आणलं. म्हातारी खाली बसली, सुनेचं डोकं तिने मांडीवर घेतलं, आणि बोटं बुडवून तिचे फुटलेले ओठ ओले करू लागली. इतक्या वर्षांत तिने या पोरीच्या अंगाला हात लावला नव्हता. केस चुन्याने राठ झाले होते. थोरल्याने खिशातून गोळ्यांची पुडी काढून थोरलीच्या हातात दिली.

दारात उपदेशक येऊन उभे राहिले होते. "ती... बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. या आवाजात प्रवचन नव्हतं, साधा माणसाचा आवाज होता. मग ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"आई," थोरला शेवटी म्हणाला, "मी मागचं भोक फोडून येतो. आज रविवार आहे, तरी."

"जा," म्हातारी म्हणाली. "पळ."

धाकटीने डोळे उघडले. आधी तिला काहीच ओळखू येईना. मग पाण्याचा तांब्या ओठांशी आलेला दिसला आणि तिने घाईघाईने तोंड फिरवलं.

"प्रार्थना झाली?" तिने विचारलं. जीभ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. "त्याआधी प्यायचं नाही ना?"

"झाली. पी."

"गेला तो?"

"गेला."

धाकटीने आढ्याकडे पाहिलं. "मला कळलंच नाही," ती म्हणाली. "माझ्यातून गेला आणि मला कळलंच नाही."

म्हातारीला तिथे गप्प बसता आलं असतं. पोरगी सुटली होती, पाणी हाताशी होतं, पुढचं कुणी विचारणार नव्हतं.

"तुझ्यात नव्हताच, पोरी," ती म्हणाली. "माझ्यात होता. धाकटा गेला त्या दिवसापासून तुझं नाव घेऊन माझ्यात बसला होता. तुला उपाशी ठेवलं आम्ही, आणि जेवत तो होता. परवा तू मला हाक मारलीस. मी इथेच होते, या दाराशी. मी ओ दिली नाही."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीने नजर हलवली नाही. या नजरेत जे काय येईल ते घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. शाप आला तर शाप.

धाकटीने हात वर केला, तांब्या धरला आणि सासूच्या बाजूला वळवला.

"तुमचा घसा पार बसलाय, आई," ती म्हणाली. "आधी तुम्ही घोटभर घ्या."

मुलाला मातीत ठेवलं त्या दिवशीही म्हातारी रडली नव्हती. ती आता रडली, अगदी मोठ्याने, बाहेर पायरीवर बसलेल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग तिने डोळे पुसले, एक घोट घेतला, आणि उरलेलं पाणी सुनेला पाजलं.